डोंगरउतारावर लाकडी लपण कसे बांधावे

मुळशी, वेल्हे, भोर किंवा पुरंदरच्या डोंगरांत ज्यांची थोडीफार मालकीची जमीन आहे, किंवा ज्यांच्या मित्राची आहे, अशा पुणेकरांना कधी ना कधी एक इच्छा होते : त्या उतारावर कोणाच्याही नजरेस न पडता दोन तास बसता यावे आणि पाण्यावर येणारे भेकर, कारवीतून जाणारे साळिंदर किंवा झाडावरचा सर्पगरुड शांतपणे पाहता यावा. या लेखात दोन माणसांसाठी सहा फूट बाय पाच फुटांचे, एकपाखी छपराचे, पूर्णपणे नट-बोल्टने जोडलेले आणि गरज पडल्यास उकलून खाली आणता येईल असे लाकडी लपण बांधण्याची पद्धत सांगितली आहे. ती सह्याद्रीच्या उतारांसाठी आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या भोवती दिसतात तशा मोकळ्या माळरानांवर एवढी उंच रचना दुरूनच डोळ्यात भरते आणि चिंकारा तिच्या आसपासही फिरकत नाही, म्हणून तिथल्यासाठी हा आराखडा वापरू नये.

नवखा माणूस लाकडापासून सुरुवात करतो. माझा आग्रह असा आहे की लाकूड शेवटी आणावे. बांधलेल्या लपणातून काही दिसत नाही, अशी तक्रार ज्या ज्या ठिकाणी ऐकू येते, त्या बहुतेक ठिकाणी सुतारकाम उत्तम आणि जागा चुकलेली असते; आणि सुतारकाम दुरुस्त करता येते, जागा मात्र करता येत नाही.

कागदपत्रे आणि परवानगी

सातबारा उतारा काढून केवळ मालकाचे नाव पाहणे पुरेसे नाही, ‘इतर हक्क’ हा रकाना लक्षपूर्वक वाचावा. पश्चिमेकडच्या तालुक्यांत अनेक गटांवर राखीव वनाची किंवा खासगी वनाची नोंद असते आणि अशा जमिनीवर १९८० च्या वन संवर्धन कायद्यामुळे परवानगीशिवाय वनेतर काम करता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. तिथे स्वतःचे लपण बांधण्याचा विचारच करू नये, वनविभागाने बांधलेल्या निरीक्षण कुटींचा परवाना घेऊन लाभ घ्यावा. वनहद्द जवळ असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणे शहाणपणाचे ठरते, कारण डोंगरावर बांध नसतो आणि डोळ्यांच्या अंदाजाने ठरवलेली हद्द बऱ्याचदा चुकीची निघते.

जमीन निर्विवाद मालकीची असली तरी एकास पाचपेक्षा तीव्र उतारावरच्या बांधकामावर पुणे परिसराच्या विकास नियमांत निर्बंध आहेत. लपण हे तात्पुरते, जोते नसलेले आणि उकलता येणारे असले, तरी ते ‘बांधकाम’ या व्याख्येत येते की नाही हे ग्रामपंचायतीला आणि महानगर क्षेत्र असल्यास पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) लेखी विचारून ठेवावे आणि उत्तर जपून ठेवावे. झाड तोडण्याची वेळच येऊ नये अशी जागा निवडावी; महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आहे आणि तो मालकीच्या झाडांनाही लागू होतो. परिसराच्या वनरक्षकाला आधीच भेटून कल्पना द्यावी. डोंगरावर अचानक उभी राहिलेली कुटी शिकाऱ्याची असेल, असा संशय त्याला येणे अगदी स्वाभाविक आहे.

जागा

जागा ठरवण्यासाठी निदान एक पूर्ण उन्हाळा द्यावा. मार्च ते मे या काळात डोंगरावरचे बहुतेक ओढे आटतात आणि ज्या एखाद्या डबक्यात किंवा झऱ्यात पाणी उरते त्याच्याभोवती सगळ्या पायवाटा एकवटतात. त्या काळात सकाळी लवकर जाऊन ओल्या मातीतले ठसे, विष्ठा, डुकरांनी उकरलेली जमीन, झाडाच्या खोडावर घासलेल्या चिखलाची उंची या सगळ्याची नोंद वहीत करावी. या कामात गावातल्या गुराख्याइतका जाणता माणूस दुसरा नसतो. त्याला ‘दादा, इथं पाण्याला काय काय येतं?’ एवढे विचारले तरी जी माहिती मिळते तिच्यासाठी एरवी दोन हंगाम खर्ची पडतात. त्याची गुरे त्याच पाण्यावर येत असतील तर ती ज्या वेळी येतात ती वेळ आणि वाट आपण सोडून द्यायची, त्याला वाट बदलायला सांगायचे नाही.

लपण पाणवठ्यापासून वीस ते पंचवीस मीटरवर असावे. केवळ पक्ष्यांसाठी बांधायचे असेल तर आठ-दहा मीटरही चालतात, पण त्या अंतरावर सस्तन प्राणी बिचकतात. प्राण्यांच्या येण्याच्या वाटेत ते कधीही येऊ नये. वाट एका बाजूने दिसली पाहिजे. डोंगराच्या धारेवर बांधण्याचा मोह होतो, कारण तिथून देखावा मोठा दिसतो. परंतु धारेवरची प्रत्येक वस्तू आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी उठून दिसते आणि तिथे पावसाळी वाराही सर्वांत जास्त असतो. धारेपासून चांगले खाली, मागे झाडी किंवा कातळ असेल अशा सोंडेच्या कुशीत जागा शोधावी. ओघळीत किंवा तिच्या तोंडाशी बांधू नये. जानेवारीत ठणठणीत कोरडी असलेली ओघळ जुलैमध्ये दगडगोटे वाहून आणते, आणि ताम्हिणीच्या बाजूला पाऊस पुणे शहराच्या कितीतरी पट पडतो, हे तिथे एकदाही पावसाळ्यात न गेलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही.

आता वाऱ्याचा विषय, ज्याकडे नवखे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. पक्ष्यांना आपला वास फारसा त्रास देत नाही, पण भेकर, सांबर, रानडुक्कर हे प्राणी डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त विसंबतात. डोंगरउतारावर सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते आणि ओघळींतून खाली वाहू लागते, तर सकाळी ऊन तापले की तीच हवा उताराने वर चढते. याचा अर्थ असा की पाणवठ्याच्या सरळ वर, त्याच ओघळीच्या रेषेत बसलेल्या माणसाचा वास नेमका संध्याकाळी, म्हणजे प्राणी पाण्यावर यायच्या वेळी, थेट पाण्यावर पोहोचतो. म्हणून लपण पाणवठ्याच्या वर असले तरी बाजूच्या सोंडेवर, तिरके असावे. निवडलेल्या जागी वेगवेगळ्या दिवशी संध्याकाळी बसून चिमूटभर राख हवेत सोडावी आणि ती कोणीकडे जाते ते पाहावे. ही चाचणी बिनखर्चाची आहे आणि तिच्यावर जागा बदलावी लागली तरी वाईट वाटून घेऊ नये.

तोंड शक्यतो उत्तरेकडे असावे. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा काळ सोडला तर मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेच्या बाजूला असतो. त्यामुळे उत्तराभिमुख लपणातून पाहताना ऊन आपल्या पाठीमागून प्राण्यावर पडते आणि आपल्या डोळ्यांवर येत नाही. पूर्वेकडे तोंड केल्यास सकाळची सगळी वेळ डोळे दिपण्यात जाते. पश्चिमेकडे तोंड करणे सर्वांत वाईट, कारण संध्याकाळचे ऊन आणि नैऋत्येचा पाऊस दोन्ही समोरून आत येतात. जवळच्या कड्यावर किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ लटकत असेल तर बाकी सर्व गुण असूनही ती जागा सोडावी.

आराखडा

उतार चारास एक आहे असे धरू, म्हणजे चार फूट पुढे गेल्यावर जमीन एक फूट खाली जाते. लपणाची खोली पाच फूट असल्याने मागच्या आणि पुढच्या खांबांच्या पायथ्यांत सव्वा फुटाचा फरक येईल. तळफळी मागच्या बाजूला जमिनीपासून एक फूट उचलावी, म्हणजे पुढे ती सव्वादोन फूट उंच होते. एवढी उंची ओल, वाळवी आणि खालची झाडलोट या तिन्ही दृष्टींनी सोयीची आहे.

छप्पर एकाच उताराचे ठेवून मागे उंच आणि पुढे बुटके करावे. पुष्कळ जण याच्या उलट करतात आणि मग छपराचे सगळे पाणी मागच्या चढावर पडून लपणाच्या खालूनच वाहते. मागच्या भिंतीत दार असल्याने तिथे तळफळीपासून सव्वासहा फूट उंची लागते, पुढे मात्र माणूस बसलेलाच असतो, म्हणून सव्वापाच फूट पुरतात. म्हणजे पाच फुटांत एक फूट उतार मिळतो आणि तो पत्र्याला पुरेसा आहे. पुढचा छज्जा दीड फूट बाहेर काढावा, त्यामुळे झरोक्यावर कायम सावली राहते आणि दुर्बिणीची भिंगे चमकत नाहीत. या मापांनी मागचा खांब सव्वासात फूट आणि पुढचा साडेसात फूट येतो, त्यामुळे आठ फुटी खांब चार घेतले की काम भागते.

खांब चार बाय चार इंचांचे असावेत. पुढे आणि मागे तळफळीच्या पातळीवर चार बाय तीनची एकेक सहा फुटी तुळई, त्यांवर आडव्या दिशेने, उभ्या कडेवर ठेवलेले चार बाय दोनचे पाच कडीपाट दीड-दीड फुटांवर, आणि त्यांवर एक इंच जाडीच्या फळ्या अशी तळाची रचना करावी. छपरासाठी तीन बाय दोनचे चार वासे आणि त्यांवर दोन बाय एकच्या रिपा पुरतात. दोन्ही बाजूंना आणि मागे दाराच्या शेजारी तिरपे आधार द्यायला विसरू नये. चार खांब कितीही जाड असले तरी तिरप्या आधारांशिवाय चौकट वाऱ्यात हलते, आणि हलणारी चौकट करकरते. लपणात आवाज हा दोष इतर सर्व दोषांहून मोठा आहे.

लाकूड आणि सामान

खांब आणि तुळया यांच्यासाठी सागासारखे लाकूड नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नवे सागवान मिळते, पण पाडलेल्या जुन्या वाड्यांचे सागवान मिळाले तर ते घ्यावे. ते पुरते वाळलेले असते आणि पिळवटत नाही. कापण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवून आतले तुटके खिळे शोधावेत, नाहीतर करवतीचे पाते जाते. सालीकडचा फिकट रंगाचा भाग वाळवी आधी खाते, म्हणून गाभ्याच्या गडद लाकडाचा आग्रह धरावा. तळफळ्या आणि रिपा यांना पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन लाकूडही चालते, ते हलके आणि स्वस्त असते, फक्त त्याला तेलपाणी जास्त लागते. लाकूड घेतल्याचे बिल आणि सागाच्या बाबतीत वाहतुकीचा पास बरोबर ठेवावा, कारण डोंगराच्या वाटेवर टेम्पो थांबवून विचारणा होऊ शकते.

भिंतींसाठी तीन पर्याय आहेत. कारवीचा कूड दिसायला सर्वांत नैसर्गिक, पण वनजमिनीवरची कारवी तोडता येत नाही आणि मालकीच्या जमिनीवर असली तरी लपणाच्या आसपासची कारवी तोडणे म्हणजे स्वतःचाच आडोसा काढून टाकणे. फळ्यांची भिंत टिकते, पण वजन फार वाढते. मला बांबूचे तट्टे सोयीचे वाटतात. रविवार पेठेच्या बुरूड आळीत ते हव्या त्या मापात विणून मिळतात, एक माणूस एका खेपेत दोन-तीन तट्टे सहज वर नेतो आणि दोन-तीन वर्षांनी खराब झाले की बदलता येतात. तट्ट्यांच्या विणीतून उजेड झिरपतो आणि आतली हालचाल बाहेर जाणवते, म्हणून आतून गोणपाट ताणून शिवावे.

छपराला साधा पन्हाळी पत्रा घ्यावा आणि तो आधीच मातकट रंगाने रंगवून न्यावा, कारण नवा पत्रा उन्हात आरशासारखा चमकतो. वरून गवताचा पातळ थर बांधला तर पत्रा तापून कडकड वाजत नाही, पण तो गवतथर आगीच्या दृष्टीने धोक्याचा आहे. ज्या डोंगरावर दरवर्षी वणवा येतो तिथे गवताचा मोह सोडून पत्र्याखाली जुनी ताडपत्री किंवा ज्यूटची पोती दाबून बसवावीत.

लाकडाला कच्चे जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून दोन हात द्यावेत आणि महिनाभर उघड्यावर वाळू द्यावे, म्हणजे वास बराचसा जातो. डांबर आणि गाडीचे जळके ऑइल यांचा वास फार काळ टिकतो, शिवाय पावसात ते ओढ्यात उतरते, म्हणून मी ते सुचवत नाही. बिब्ब्याचे तेल वाळवीवर गुणकारी असले तरी अंगावर उडाले तर फोड उठतात, तेव्हा ते जाणत्या माणसाच्या हातीच राहू द्यावे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून एकत्र टाकल्यास त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा एकेक पसरून वाळवाव्यात.

खालीच जुळणी

डोंगरावर करायचे काम जितके कमी तितके चांगले. वरती वीज नसते, पाणी नसते, विसरलेला पाना आणायला अर्धा दिवस जातो, आणि करवतीचा व हातोडीचा आवाज दिवसेंदिवस चालू राहिला तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप ते प्राणी ती जागाच सोडून देतात. म्हणून संपूर्ण चौकट गावातल्या सुताराच्या अंगणात उभी करावी. सगळी भोके तिथेच पाडावीत, तुळया खांबांना जिथे टेकतात तिथे खांबात एक इंचाची खाच घ्यावी म्हणजे भार बोल्टवर न येता लाकडावर येतो, आणि प्रत्येक सांध्याला बारा मिलिमीटरचे दोन-दोन बोल्ट मोठ्या वॉशरसह बसवावेत. तळफळ्यांना खिळे ठोकू नयेत, स्क्रू वापरावेत. फळी आणि कडीपाट यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या की पावलांचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. पुण्यात सायकलच्या जुन्या ट्यूब मागायला अजून तरी पैसे पडत नाहीत.

पुरी चौकट उभी झाल्यावर प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या जोडीदार टोकावर एकच खूण कोरून ठेवावी. खडूच्या किंवा पेनाच्या खुणा वाहतुकीत पुसल्या जातात. मग चौकट उकलावी. आठ फुटी सागवानी खांबाचे वजन सोळा किलोच्या आसपास भरते, तो एक माणूस खांद्यावरून नेऊ शकतो. सिमेंटची पन्नास किलोची गोणी मात्र तीन पिशव्यांत विभागून न्यावी. ओझी वाहायला गावातली माणसे घ्यावीत, मजुरी आधी ठरवावी आणि ती त्याच दिवशी द्यावी.

पाया आणि उभारणी

कामाचा काळ दिवाळीनंतर सुरू करून संक्रांतीच्या आत संपवावा. नोव्हेंबरात जमिनीत थोडी ओल असल्याने खोदाई सोपी जाते आणि वणव्याचा काळ सुरू होण्यापूर्वी आवरता येते.

प्रथम चार खुंट्या ठोकून सुतळीने आयत आखावा. काटकोन तीन-चार-पाचच्या नियमाने तपासता येतो, पण सर्वांत खात्रीची कसोटी कर्णांची : सहा बाय पाच फुटांच्या आयताचे दोन्ही कर्ण सात फूट पावणेदहा इंच भरले पाहिजेत. अर्ध्या इंचाचा फरक खाली क्षुल्लक वाटतो आणि छपरापर्यंत जाईतो बोल्टची भोकेच जुळेनाशी होतात. मापे घेताना टेप आडवी धरावी, उतारावर टाकून मोजू नये.

प्रत्येक खांबासाठी एक फूट बाय एक फूट, दीड फूट खोल खड्डा घ्यावा. मुरूम लागला तर उत्तम. एकास दोन, दोनास चार या प्रमाणात सिमेंट, वाळू आणि खडी घेतली तर चार खड्डे आणि जमिनीवरचे चार इंचांचे उठाव यांना सुमारे दीड गोणी सिमेंट लागते. मिसळायला आणि पुढे भिजवायला पाणी धरून वीस लिटरचे पाच-सहा कॅन वर न्यावे लागतात. ओल्या काँक्रीटमध्ये रेड ऑक्साइड लावलेली इंग्रजी यू आकाराची लोखंडी पट्टी रोवावी आणि खांब तिच्यात असा बसवावा की त्याचे टोक काँक्रीटपासून इंचभर वर राहील. लाकूड मातीत पुरायचे नाही, हा या सगळ्या कामातला एकमेव नियम आहे ज्याला मी अपवाद मानत नाही. पुरलेला खांब किती का जाड असेना, पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच जमिनीलगत कुजू लागतो. काँक्रीटचा माथा चारी बाजूंना थोडा उतरता ठेवावा. कातळ वरच लागला तर पूर्ण खड्ड्याचा हट्ट न धरता सहा इंच खोल भोक पाडून, त्यात सळई सिमेंटच्या घट्ट घोळाने बसवून, पट्टी तिला जोडावी.

काँक्रीटवर ओली पोती टाकून सात दिवस ती भिजती ठेवावीत आणि त्या काळात वर काहीही चढवू नये. रोज चढून जाणे जमत नसेल तर पोत्यांवर प्लॅस्टिक टाकून कडांना दगड ठेवावेत.

यानंतरची उभारणी एका दिवसाची आहे. मागची चौकट आधी, मग पुढची, मग तळाचे कडीपाट, अशा क्रमाने जावे. प्रत्येक खांब ओळंब्यात आणि प्रत्येक तुळई पाणसळीत आल्याशिवाय नट पक्का आवळू नये. तिरपे आधार छपराआधी लावावेत. वासे खांबांना लोखंडी पट्ट्यांनी बांधावेत आणि पत्रा जे-हुकने रिपांना धरावा, कारण पावसाळी वारा छज्ज्याखाली शिरून छप्पर वर उचलतो. हलक्या रचनेला वरून दाबणाऱ्या वजनापेक्षा खालून उचलणाऱ्या वाऱ्याची भीती जास्त असते. तट्टे सर्वांत शेवटी. उरलेले स्क्रू, तारा, प्लॅस्टिक, सिमेंटच्या पिशव्या त्याच संध्याकाळी खाली आणाव्यात.

झरोके

झरोक्याची उंची कागदावर ठरवू नये. तट्टे लावण्यापूर्वी, ज्या स्टुलावर पुढे बसायचे त्याच स्टुलावर बसून डोळ्यांच्या पातळीवर खांबाला खूण करावी. सोळा इंची स्टुलावर बसलेल्या बहुतेकांच्या बाबतीत ती तळफळीपासून चव्वेचाळीस-पंचेचाळीस इंचांवर येते. सपाट जमिनीवर पाहायचे असेल तर चाळीस ते अठ्ठेचाळीस इंचांमधली फट पुरते, परंतु उतारावरून खाली पाहताना नजर झुकलेली असते, म्हणून तळाची कड आणखी चार बोटे खाली घ्यावी. फटीखाली, तेहतीस इंचांच्या आसपास, एक फूट रुंदीची फळी आडवी लावली की कोपरे टेकून दुर्बीण स्थिर धरता येते. दोन्ही बाजूंच्या भिंतींत सहा इंचांची एकेक लहान फट ठेवावी, पण मागच्या भिंतीत एकही नको. मागून उजेड आला की पुढच्या फटीत आपले डोके काळ्या आकृतीसारखे दिसते. याच कारणासाठी दारावर आतून जाड काळा पडदा हवा आणि आतला सगळा भाग गडद असावा.

फटींना आतून वर उघडणाऱ्या फळ्या बसवाव्यात. लोखंडी बिजागरी गंजते आणि कुरकुरते, तिच्याऐवजी चामड्याची किंवा ट्यूबचीच पट्टी वापरावी. फट उघडी असताना तिच्यावर काळे कापड सोडून, त्यात फक्त दुर्बिणीपुरती चीर ठेवावी. तळाला जुनी गोधडी किंवा पोती अंथरावीत.

दारापर्यंतची वाटही लपणाचाच भाग आहे. शेवटचे तीस-चाळीस पाऊल पाणवठ्यावरून दिसत असतील तर तिथे तट्ट्यांचा आडोसा उभा करावा आणि वाटेवरची वाळलेली पाने झाडून काढावीत.

वणवा, साप आणि बिबट्या

फेब्रुवारी ते मे या काळात पुण्याच्या आसपासच्या डोंगरांवर वणवे लागतात, आणि पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने ते कित्येकदा लावलेही जातात. जानेवारीतच लपणाभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा विळ्याने कापून मोकळा करावा. गवत जाळून पट्टा तयार करण्याचा प्रयोग एकट्याने करू नये. हिरवी झुडपे तशीच राहू द्यावीत. लपणात स्टोव्ह, मेणबत्ती, विडी-सिगारेट यांना पूर्ण बंदी असावी. वणवा येताना दिसला तर लपण वाचवायला थांबू नये, वणव्याच्या वाटेतून बाजूला होत खाली उतरावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप या भागात आढळतात आणि उंचावलेल्या तळफळीखालची सावली त्यांना आवडते. आत पाऊल ठेवण्यापूर्वी विजेरी फिरवून कोपरे, स्टूल आणि गोधडीखालची जागा पाहावी. खाली दगडांचा किंवा उरलेल्या लाकडाचा ढीग साठवू नये. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे हे काहीही न करता त्या माणसाला शक्य तितके कमी हालवत रुग्णालयात न्यावे; यासाठी १०८ क्रमांकाला फोन लागेल अशी मोबाइलची रेंज डोंगरावर नेमकी कुठे मिळते आणि प्रतिविष असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे लपण बांधायच्या आधीच माहीत करून घ्यावे.

बिबट्याचा वावर असलेल्या डोंगरावर एकट्याने बसू नये. अंधार पडायच्या आत उतरावे, किंवा थांबायचेच असेल तर उजाडेपर्यंत आतच राहावे. मधल्या वेळी, म्हणजे ऐन तिन्हीसांजेला, वाट उतरणे सर्वांत अयोग्य.

वापर आणि निगा

लपण उभे राहिल्यावर किमान पंधरा दिवस तिकडे जाऊ नये. रोजच्या ओळखीच्या उतारावर एक नवी वस्तू आली आहे हे प्राण्यांना कळलेले असते आणि त्यांना तिची सवय होऊ द्यावी लागते. वानरे सर्वांत आधी तपासणी करून जातात. त्यानंतरही आठवड्यातून एक-दोन वेळांपेक्षा जास्त बसू नये. पहाटे उजाडण्यापूर्वी आत जावे, मातकट रंगाचे कपडे घालावेत, अत्तर आणि वासाचे साबण टाळावेत, मोबाइल बंद ठेवावा. पाण्याजवळ धान्य किंवा मांस टाकून प्राण्यांना बोलावणे आणि पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ आणणे या दोन्ही गोष्टी करू नयेत. विणीच्या काळात फटीसमोरच एखाद्या पक्ष्याने घरटे केले तर पिल्ले उडेपर्यंत लपण बंद ठेवावे.

निगेचे वर्षातले दोन दिवस पुरतात. पहिला मेच्या अखेरीस, मृगाच्या आधी : जे-हुक आणि नट आवळावेत, फटींच्या फळ्या बंद करून बांधाव्यात, गोधडी-पोती खाली आणावीत. दुसरा दिवाळीच्या सुमारास : खांबांच्या टोकांशी मातीचे बारीक बोगदे दिसतात का ते पाहावे, दिसल्यास ते खरवडून वाळवीची वाट मोडावी, तळाशी साचलेली माती उपसावी, लाकडाला तेलाचा एक हात द्यावा आणि तट्टे तपासावेत. खांबात पेन्सिलीचे टोक दाबल्यावर लाकूड आत दबले तर तो खांब बदलण्याची वेळ आली, आणि बोल्टची जोडणी असल्याने तो एकटाच बदलता येतो.

काही वर्षांनी झरा आटला, जवळून रस्ता गेला किंवा आपलेच येणे थांबले, तर लपण तसेच सोडून देऊ नये. चौकट उकलून पत्रे, बोल्ट आणि लाकूड खाली आणावे, काँक्रीटचे उठाव घणाने फोडून जमिनीच्या पातळीखाली घ्यावेत आणि खड्ड्यांवर तिथलीच माती टाकावी.